कुटुंबीयांनी थोडी सक्ती करावी

समजा, तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली साठीची बाई उद्या घरी जाणार आहे आणि घरी करायचे व्यायाम तुम्हाला लिहून द्यायचे आहेत. एकटीसाठी नाही. तुम्ही लिहाल ते इंटरनेटवरच्या सामायिक पानावर जाणार. लातूर, नांदेड, देगलूर, कुठलाही फिजिओथेरपिस्ट ते उघडणार, छापणार आणि पेशंटच्या हातात ठेवणार. 'उताणं झोपा, टाच गादीवरून घासत जवळ आणा, गुडघा वाकवा.' इथपर्यंत सोपं आहे. आता पेशंट व्यायाम करत नसेल तर काय करायचं, तेही एका ओळीत लिहा. लिहा बरं.

पंचशीलाताईनं लिहिलं होतं. २०१४ साली, जेवणाच्या सुट्टीत, एका हातानं डबा खात: 'ग्रामीण भागातील वयस्कर रुग्ण दुखण्याच्या भीतीने व्यायाम टाळतात. कुटुंबीयांनी थोडी सक्ती करावी.'

लातूरच्या ज्या दवाखान्यात ती काम करते, तिथंच मीही फिजिओथेरपिस्ट आहे, माझं टेबल तिच्या शेजारी. ओळ पानावर चढताच 'उपयुक्त' हे अंगठ्याचं बटण मीही दाबलं होतं.

ताई मूळची उमरीची. वडील रामकिशन पंचायत समितीत शिपाई. बारावीला त्यांनी तिला लातूरला क्लास लावून दिला. एका हॉलमध्ये तीनशे पोरं. शंका असली तर चिठ्ठी लिहून पुढच्या बाकावर द्यायची. तिची चिठ्ठी सरांपर्यंत पोचायची तेव्हा फळा पुसलेला असायचा. एमबीबीएस थोडक्यात हुकलं, फिजिओथेरपी मिळाली. पुढं पुण्याच्या काही जणांनी हे सामायिक पान सुरू केलं. कुणीही फिजिओथेरपिस्ट त्यात लिहू शकतो, दुसऱ्याचं दुरुस्त करू शकतो, सगळं फुकट. ताई हरखून गेली. इथं चिठ्ठी कुणाच्या हातून पाठवावी लागत नव्हती. तिनं दोन वर्षांत चाळीस व्यायाम मराठीत आणले.

मग कमलम्मा आल्या. २०१६, पावसाळा संपत आला होता. औशाच्या पुढच्या एका पुनर्वसित गावातल्या, वय त्रेसष्ट, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. वॉर्डात पाच दिवस त्या धड झोपल्या नाहीत. "माझी खाट व्हरांड्यात टाका" एवढंच म्हणत. सिस्टर म्हणाली, "आजी, इथं हॉटेल नाही." ताईनं केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही', आणि घरी सोडायच्या दिवशी पानावरून कागद छापून दिला.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा शिवप्पा आला. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. कागद टेबलावर आपटून म्हणाला, "हे कुनी लिव्हलंय?"

"मीच लिहिलंय," ताई म्हणाली. तिला वाटलं, काही समजलं नसेल.

"मग हे बी तुमचंच." त्यानं फडकं सोडलं. अंगठ्याच्या खाली दातांचे वण होते.

कागदावर लिहिलेलं त्यानं केलं होतं. आई ऐकत नाही म्हणून घरात नेलं, आरडाओरडा बाहेर जाऊ नये म्हणून दार आतून लावलं. बायकोनं पाय धरले, यानं खांदे दाबले. कमलम्मांनी वर पाहिलं, त्या किंचाळल्या आणि त्यांनी त्याच्या हाताचा चावा घेतला. तेव्हापासून त्या त्याच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, जागच्या उठत नव्हत्या.

"तेवीस वर्सं झाली, अव्वा स्लॅबखाली उताणी पडली न्हाई," शिवप्पा म्हणाला. "भूकंपात घराचं माळवद पडलं, पहाटेपासून दुपारपत्तर ती त्याच्याखाली होती. बाजूला माझी बहीन. ती न्हाई निघाली. सरकारनं पक्कं घर दिलं, तर अव्वा त्याच्यापुढं पत्र्याखाली झोपती."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का? ह्या कागदावर इचारायला जागा हाय कुटं? धरा म्हनून लिव्हलंय, धरली. आता माझी आई मला वैरी समजून राहिली!"

ताईचा चेहरा रागानं काळा पडला होता आणि तो राग शिवप्पावर नव्हता.

रविवारी ती त्यांच्या गावी गेली. कमलम्मा पत्र्याखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताईला पाहताच म्हणाल्या, "आलीस का? पोराच्यानं झालं न्हाई, आता तू धर."

"नाही धरत. इथंच करू, पत्र्याखाली."

"हितं? रस्त्यावर? लुगडं गुडघ्याच्या वर घिऊन? तुझ्या आईला झोपीव जा हितं."

ताई उठून अंगण, दार, घर बघत फिरली. आत नातीची लोखंडी खाट होती, लातूरच्या क्लासवाल्या होस्टेलनं भंगारात काढलेली, जेमतेम अडीच फूट रुंद. ती दारातून बरोबर जात होती. ताईनं शिवप्पाला खाट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवायला सांगितली. डोकं बाहेर, पाय आत, मधोमध चादरीचा पडदा.

"आन आमी घरात जायाचं कसं?" शिवप्पा म्हणाला.

"उडी मार," कमलम्मा म्हणाल्या. "पोट बघ तुझं. तुला बी व्यायाम लागतोय." चावा घेतल्यापासून त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या.

त्या आडव्या झाल्या. वरच्या पत्र्याकडं बघत म्हणाल्या, "ह्यो पडला तर मरत न्हाई मानूस." पडद्याआड टाच घासत जवळ आली. दहा वेळा. कुणी हात लावला नाही.

परतीच्या एसटीतच ताईनं मोबाइलवर आपली जुनी ओळ खोडली आणि लिहिलं: 'व्यायाम घरात कुठे करणार, हे आधी विचारा. भूकंपातून वाचलेल्या व्यक्तीला छताखाली उताणे झोपण्याची सक्ती करू नका.' खाली दारातल्या खाटेचं चित्र काढून जोडलं.

सोमवारी सकाळी पान उघडलं तर जुनी ओळ परत आपल्या जागी होती.

पानाच्या तपासनीस मालविका मॅडम, पुण्याच्या. पानाच्या चर्चेच्या जागेत त्यांनी लिहिलं होतं, 'एका पेशंटवरून सूचना बदलता येत नाही. संदर्भ द्यावा. मूळ ओळ एकशे बारा सदस्यांनी उपयुक्त ठरवली आहे.'

ताईनं लिहिलं, 'मूळ ओळ माझीच आहे. ती चुकीची आहे.'

'पानावर आल्यावर ओळ सगळ्यांची होते. हेच आपलं तत्त्व.'

'मी ती लिहिली तेव्हा माझ्याकडे एकही संदर्भ नव्हता. तेव्हा का नाही मागितला?'

संध्याकाळी उत्तर आलं: 'कृपया विषय भावनिक करू नका.'

ताईनं मोबाइल माझ्या टेबलावर सरकवला. "वाच. म्हातारी माणसं भित्री असतात असं मी डबा खाता खाता लिहिलं, त्याला पुरावा लागला नाही. ती कशाला भितात ते लिहिलं की पुरावा आणा! आणि ते एकशे बारा कोण? त्यातल्या एकानं तरी पेशंटचं घर पाहिलंय? तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. दिलेला अंगठा परत घ्यायचं बटणही त्या पानावर नाही.

"जाऊ दे ताई," मी म्हणालो.

"का जाऊ देऊ? माझ्या ओळीनं बाईचे खांदे दाबलेत!"

मग तिनं औसा, निलंगा, उमरग्याच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टना फोन लावले. म्हणाली, गावाकडच्या वयस्कर पेशंटना एकच विचारा, तुम्ही झोपता कुठे? नऊ जणांनी विचारलं. बेचाळीस पेशंटपैकी सतरा जण पक्क्या छताखाली झोपत नव्हते. त्या सतरांपैकी अकरा जणांच्या केसपेपरवर तेच शब्द होते: सहकार्य करत नाही. तिनं सगळं मांडून पानावर टाकलं.

महिन्याभरानं निर्णय आला. जुनी ओळ राहिली. तिच्याखाली बारीक अक्षरात 'काही सदस्यांचे मत वेगळे आहे' असं आलं. ताईची सूचना आणि खाटेचं चित्र पानाच्या तळाशी गेलं, 'स्थानिक टीप' म्हणून.

"स्थानिक!" ताई म्हणाली. "आणि सक्ती करा, हे कुठलं आहे? ते पण उमरीच्याच पोरीनं लिहिलंय की!" त्या दिवसापासून कागद छापून आणला की ताई ती ओळ पेनानं खोडते आणि वर लिहिते: कुठे झोपता? तिच्या टेबलावरून जाणाऱ्या कागदांवर तरी तसं असतं. बाकी ठिकाणी नसतं.

दिवाळीनंतर कमलम्मा तपासणीला आल्या. काठी टेकत, पण चालत. मागं शिवप्पा होता, हातावरचा वण पांढरा पडलेला. खुर्चीत बसताच त्यांनी विचारलं, "ती ओळ काढलीस का, पोरी?"

"निघाली नाही."

"मग आनखी कुनाची पोरं आईला धरत असतील."

त्या गेल्यावर ताईनं पान उघडलं. अगदी खाली ते किती वेळा छापलं गेलं त्याचा आकडा असतो. चार हजार सहाशे अठरा. तिनं चर्चेच्या जागेत मालविका मॅडमना आणि सगळ्या सदस्यांना उद्देशून एक प्रश्न लिहिला. त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून ती तो दर सोमवारी पुन्हा लिहिते:

'यातल्या किती घरांत दार आतून लावलं गेलं?'