ईरम्माच्या उखळाखालचं टायर

सोलापुरात शेंगाचटणी करणाऱ्या बायका काय कमी होत्या? पण ईरम्माची चटणी म्हणजे वेगळंच प्रकरण. लालभडक, खमंग, बोटानं दाबली की तेल सोडणारी. चक्कीवर दळलेली नव्हे, उखळात मुसळानं कांडलेली. नवरा होटगीला रेल्वेत कामाला, घरी यायचा तो आठवड्यातून एकदा. घर चालायचं या कांडपावर, आणि खरं सांगायचं तर बाईचा सगळा ताठाही त्याच्यावरच उभा होता. तोंडानं भारी फटकळ. गिऱ्हाइकानं तिखट जरा कमी घाला म्हटलं, तर दुसरीकडं जावा म्हणून वाटेला लावायची.

चौऱ्याहत्तर साली घरमालक शिवलिंगप्पाच्या डोक्यात फरशीचं खूळ शिरलं. लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून त्यानं भाडेकरूंच्या खोल्यांसकट सगळ्या घरात ठिपक्याठिपक्यांची गुळगुळीत फरशी घालून घेतली. ईरम्मा तेव्हा नेमकी माहेरी, मंद्रूपला. परत येऊन बघते तर काय, खोलीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळच गायब! गवंड्यानं त्यात मुरूम भरून वर फरशी ठोकली होती आणि मोकळा झाला होता. ईरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घर मालकाचं, जमीन मालकाची. बोलणार काय, कपाळ?

मग तिनं बाजारातून सुटं दगडी उखळ आणलं, नव्या फरशीवर मांडलं आणि नेहमीच्या जोरानं मुसळ घातलं. फरशी काडकन तडकली. शिवलिंगप्पा धावत आला. आणखी एक फरशी फुटली तर त्याच दिवशी खोली रिकामी करायची, असं त्यानं चार भाडेकरूंसमोर बजावलं. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली, चटणीला हीच सुगी, आणि कांडायला जागा नाही. ईरम्मानं नाइलाजानं चटणीचा एक घाणा चक्कीवरून दळून आणला. रोजच्या गिऱ्हाइकांनी बोटावर घेऊन बघितला आणि ही तुमची न्हवं म्हणून परत केला. बाईला रडू कोसळलं. वर्षानुवर्षांचं नाव असं मातीत जाताना बघणं सोपं नसतं हो.

उखळाखाली गोणपाटाच्या घड्या घालून बघितल्या. दणका होता तसाच. एके दिवशी होटगी रोडवरून येताना टायरवाल्या बिरप्पाच्या दुकानापाशी ती थबकली. तिथं लोखंडी रिंगा टायरच्या तुकड्यावर आपटून सरळ करत होते, आणि खालच्या शहाबादी फरशीवर ओरखडा म्हणून नव्हता. ईरम्मा तिथंच उभी राहून हसली. जुन्या ट्रकच्या टायरचा जाडजूड तुकडा कापून घेतला आणि डोक्यावरून घरी आणला.

पण टायर ते, जन्माचं वाकडं. त्यावर ठेवलेलं उखळ असं डुलायला लागलं की अर्धे शेंगदाणे खोलीभर. उरलेल्या चटणीला रबराचा असा वास लागला की कुत्र्यापुढंही टाकवेना. शेजारणी पदराआड हसल्या. हसा की, ईरम्मा म्हणाली, आणि तुकडा राखेनं, कढत पाण्यानं घासघासून धुतला. मग गच्चीवर उन्हात, मोठमोठ्या दगडांखाली दाबून ठेवला. रोज वर जाऊन हुंगून बघायची. वास गेला, पाठ सपाट झाली, तेव्हाच तो खाली आणला. तडकलेली फरशी सोडून दुसऱ्या कोपऱ्यात मांडला: नक्षीची बाजू फरशीला, वर गोणपाट, त्यावर उखळ. आता ते बैठक मारल्यासारखं बसलं.

मुसळाचा आवाज ऐकून शिवलिंगप्पा आलाच. मागोमाग सगळे भाडेकरू. मालकाचा विश्वास बसेना. बाईमाणूस हळूच कांडत असणार, म्हणाला.

"मग तुमीच घाला की घाव," ईरम्मानं मुसळ त्याच्या हातात दिलं. "फरशी तडकली तर आज खोली सोडते. न्हाय तडकली तर?"

"तर कांड की जन्मभर हितंच," शिवलिंगप्पा म्हणाला.

त्यानं बाह्या सारल्या आणि फरशी फोडायचीच अशा ईर्षेनं घाव घातला. धप्प. वाकून टायरचा कोपरा उचलून बघितला. काही नाही. पुन्हा घातला, आणखी जोरात. ईरम्माचा जीव मुठीत; एक तडा, की संसार रस्त्यावर. पण फरशी जशीच्या तशी. मालक इरेला पेटला. घाम निथळायला लागला, धोतराचा सोगा सुटला, आणि उखळातले दाणे, लसूण, तिखट एकजीव होत लालेलाल झाले. खमंग वास दारापर्यंत गेला. शेवटी दमून त्यानं मुसळ भिंतीला टेकवायला उचललं.

ईरम्मानं सगळ्यांदेखत वाकून टायरभोवतीच्या फरशीवरून हात फिरवला. सारी गुळगुळीत. मग भिंतीला पाठ लावून मालकाच्याच फरशीवर ऐसपैस बसली, पाय लांब केले, आणि उखळातली चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली.

"थांबू नका मालक," ती म्हणाली. "अजून दाणा लागतोय."

भाडेकरू बघत होते. शिवलिंगप्पानं धोतराचा सोगा खोचला आणि निमूटपणे पुन्हा कांडायला लागला.