खंडेनवमीचा ॲम्प्लिफायर

देवासच्या कारखान्यात तेहतीस वर्षं इलेक्ट्रिशियन राहिलेले दिगंबर मुळे निवृत्त झाले आणि हौशी रेडिओच्या नादी लागले. घरच्या सेटवरून त्यांचा आवाज धारच्या रेडिओमित्र पाटीदारजींपर्यंत धड पोचेना, म्हणून त्यांनी भंगारातून ॲम्प्लिफायर जुळवला. बिघडलेल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एका मेलेल्या रेडिओतला पत्र्यांच्या पाकळ्यांचा कंडेन्सर. त्यात चार महिने गेले. शेवटी दसऱ्याच्या मुहूर्तावर, पाटीदारजींना फोनवर ताटकळत ठेवून, त्यांनी बटण दाबलं.

पाकळ्यांमध्ये तडतड ठिणग्या उडाल्या.

"अरे भिया, फटाके कौन फोड़ रहा है?" पाटीदारजींनी फोनवरून विचारलं.

दिगंबररावांनी फोन आपटला आणि झाकण उघडलं. पाकळ्यांच्या फटींत वाळलेल्या हळदीचे पोपडे! त्यांचं डोकंच फिरलं.

"कुमुद! किती वेळा सांगितलं, माझ्या सामानाला हात लावू नकोस म्हणून! या पाकळ्यांमध्ये मोकळी हवा लागते, हवा! तिथे हळद कोंबायची अक्कल कोणाची?"

कुमुदताई झेंडूचं तोरण ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अहो, काल खंडेनवमीला मी नुसतं हळदकुंकवाचं ताट दिलं. 'कारखान्यात आम्ही मशीनच्या एकेका पार्टाला बोट लावायचो,' असं कोण म्हणालं?"

"म्हणून मी काय..." दिगंबररावांनी त्यांच्यापुढे नाचवलेलं बोट तसंच हवेत राहिलं, नखापर्यंत पिवळंधमक.