सिमेंटने भरलेली भिंत

त्या गवंड्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. टेकडीवरच्या दोन हजार वर्षांच्या धान्यकोठाराच्या एका भिंतीचे सांधे उघडे पडले, ते त्यानेच चार दिवसांत सिमेंटने भरून दिले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती भिंत छाती फुगवून दाखवायचा.

तिथली झाडलोट त्याच्या वहिनीकडे. त्या एका भिंतीखाली तिला रोज ओंजळभर लाल भुकटी सापडायची. बाकी भिंतींखाली चिमूटभरही नाही. तिने दिराच्या कानावर घातलं, तर तो खेकसला, की झाडणाऱ्याने झाडावं, गवंडीकाम शिकवू नये.

दुसरी असती तर तडक पुरातत्त्व कार्यालयातल्या साहेबीणबाईंकडे गेली असती. हिने महिनाभर ती भुकटी डब्यात साठवली आणि एका सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी आणून आदळली.

"भावजी, या तुमच्या विटा. सिमेंट टणक आहे, मान्य. पण वीटच राहिली नाही, तर ते धरणार कुणाला?"

तो तणतणत छिन्नी घेऊन टेकडीवर गेला. एक सांधा फोडला. आतली वीट ओलीचिंब, नखाने खरवडली तरी सुटत होती. जुन्या चुन्यातून ओल निघून जायची; सिमेंटने ती वाट बुजवली आणि विटाच पोखरल्या. आणखी एक पावसाळा, की भिंत भुईसपाट.

त्याच दिवशी कार्यालयात जाऊन त्याने चूक कबूल केली आणि दुरुस्ती आपल्याच हातून व्हावी म्हणून गळ घातली. साहेबीणबाईंनी विचारलं, हे लक्षात कुणाच्या आलं? त्याने वहिनीचं सांगितलं. मग बाईंनी अट घातली: वहिनी रोज बघतील. त्या थांबा म्हणाल्या की काम थांबायचं.

तीन महिने तो बारीक छिन्नीने सिमेंट काढत होता, मुरवलेला चुना भरत होता. वहिनीने त्याला अकरा वेळा थांबवलं. अकराही वेळा तो थांबला.

शेवटचा सांधा भरल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तो डबा आधी माझ्याकडे आणलात. भिंत वाचली, मीही वाचलो. हे मी विसरणार नाही."

"तुमचं काम गेलं असतं तर घरी बसून माझंच डोकं खाल्लं असतं. उठा, ऊन चढलंय, चुना तडकेल."

तो उठला आणि भिंतीवर टाकायला गोणपाट भिजवू लागला.