बावीस सेकंदांचा धीर

गेल्या शुक्रवारी गिरणीतल्या मोठ्या मोटारीवर मुद्दाम जादा भार टाकून पाहिला, तेव्हा तिचा स्विच बरोबर बावीस सेकंदांनी पडला. हे मला गिरणीच्या मुत्तय्या मेस्त्रींनी त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितले. घड्याळ त्यांच्याच हातात होते. "सेतुरामरावांना कळवलंत का?" मी विचारले. "त्यांनीच पाठवलं, सामी. म्हणाले, लेखात चुकीचा आकडा जायला नको."

श्री. सेतुरामराव यांची षष्ट्यब्दी, म्हणजे साठीचा समारंभ, पुढच्या महिन्यात आहे; हा लेख त्यानिमित्तच. कुंभकोणमच्या आसपास जिथे जिथे विजेची मोटार फिरते, तिथे त्यांचा हात कधी ना कधी लागलेला आहे. माझी त्यांची पहिली ओळख मात्र एका जळलेल्या मोटारीमुळे झाली.

मी तेव्हा इथल्या साप्ताहिकाचा बातमीदार होतो. तिरुविडैमरुदूरच्या रस्त्यावरची भातगिरणी कुरुवै पिकाच्या ऐन हंगामात बंद पडली होती. हौदात भिजवलेल्या भाताला वास सुटला होता आणि बैलगाड्या फाटकापासून पुलापर्यंत खोळंबल्या होत्या. अंक संध्याकाळी छापायला जायचा होता. आत गेलो तर गिरणीचे विजेचे फोरमन सेतुरामराव स्विचबोर्डासमोर मांडी घालून बसलेले, पुढ्यात पितळेच्या तीन वाट्या. त्यांनी वर पाहिले आणि आपल्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "आपलेच का? बसा. हात तेलकट आहेत, नमस्कार तोंडीच घ्या."

मग त्यांनी मला ती वाटी समजावली. मोटार सुरू होताना क्षणभर भलताच प्रवाह ओढते. तो तिचा स्वभाव आहे. त्या झटक्यालाच स्विच पडला, तर मोटार कधी सुरूच होणार नाही. पण यंत्र कुठे अडकले आणि प्रवाह चढाच राहिला, तर तारा जळतात. हा फरक ओळखायचे काम वाटीचे. प्रवाह वाढला की वरचे वेटोळे एका दांडीला वर खेचते. दांडीच्या खालच्या टोकाची चकती वाटीतल्या तेलात बुडालेली असते आणि चकतीला बारीक भोक असते. त्या भोकातून तेल झिरपेल तितकीच दांडी चढते. झटका ओसरला तर ती मुकाट्याने खाली बसते. नाही ओसरला, तर बरोबर बावीस सेकंदांनी माथ्याला जाऊन स्विच पाडते.

या खेपेस दांडी चढलीच नव्हती. महिन्यापूर्वी नवरात्रातली आयुधपूजा झाली होती. तेलपाण्याचे काम बघणाऱ्या मुत्तय्यांनी त्या दिवशी तिन्ही वाट्या चिंचेने लख्ख घासल्या, आतबाहेर चंदन लावले आणि उत्तम तिळाचे तेल भरले. ते तेल वेटोळ्याच्या उष्णतेने चिकट झाले, चंदनाने भोक बुजले. भरडयंत्र अडकले तेव्हा मोटार धुमसत राहिली.

मुत्तय्या दारात उभे होते. घरी चार मुली. इथून काढलेल्या माणसाला दुसरी कोणतीही गिरणी उभे करणार नव्हती. मालक, ज्यांना सारे मुदलाळी म्हणत, गरजले, "मोटार विलायतेची आणि तेल देवळातलं! कापूर तेवढा ओवाळायचा राहिला!"

"ओवाळला होता, सामी," मुत्तय्या खालमानेने म्हणाले.

मुदलाळींनी हसू दाबायला तोंड फिरवले. पुन्हा वळले तेव्हा आवाज तितकाच कडक होता. "याला आज काढतो."

सेतुरामराव उठले. "तीन पितळी वाट्या टांगलेल्या दिसल्या, तर या गावचा माणूस तिळाचंच तेल घालणार. खरं तेल माझ्या कपाटात कुलपात, डब्यावर अक्षरं इंग्रजी, आणि मी सासुरवाडीला पायसम खात होतो. आधी मला काढा."

"तुम्हाला काढून गिरणी कोण चालवणार?"

"मग तीन महिने याला माझ्याकडे द्या. पहिल्या झटक्याला स्विच पाडायचा नसतो, मुदलाळी. पुन्हा चुकला, तर काढायचा कागद मीच लिहीन. हा पाहा, आत्ताच लिहितो."

आणि त्यांनी खरोखरच लिहिला. सहीसकट मुदलाळींच्या हाती दिला. तारखेची जागा कोरी ठेवली.

मग माझ्याकडे वळले. "बातमी द्या. पण त्याचं नाव आज नको."

"मग कधी?"

"कळेल तुम्हाला."

माझा जन्म अंकाच्या वेळा पाळण्यात गेला आहे. हाती असलेले नाव न छापणे मला जड गेले. तरी मी एवढेच लिहिले, की तेलातल्या दोषामुळे मोटार जळाली.

पुढचे तीन महिने मुत्तय्या रोज सकाळी रावांचे खिशातले घड्याळ हातात घेऊन वाट्यांपुढे बसत आणि दांडी माथ्याला जायला किती सेकंद लागतात ते मोजत. चैत्राच्या उन्हात तेल पातळ होते आणि वेळ आखडतो, मार्गळीच्या, म्हणजे धनुर्मासाच्या, गारव्यात ते दाटते आणि वेळ लांबतो. तेवढी वाटी फिरवून वरखाली करायची, हे ते शिकले. स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराकडून रावांनी वाट्यांना झाकणे ओतून घेतली, म्हणजे दिव्याचा भास नको. मार्गळीतल्या एका सकाळी वेळ तिसावर गेल्याचे मुत्तय्यांना दिसले. त्यांनी कुणाला न विचारता मोटार बंद केली, आणि मग धावत सांगायला गेले. तो कागद मुदलाळींनी त्या दिवशी फाडला.

राव मवाळ आहेत, असे यावरून कुणी समजू नये. ठरलेला वेळ संपल्यावर त्यांनी कुणाची गय केल्याचे मला आठवत नाही. ते वेळ मात्र मोजून देतात. आमच्या छापखान्यात वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होई. न बोलावता ते एका रविवारी आले आणि अशी जोडणी करून गेले, की वीज आल्यावर आधी घंटा वाजते आणि दहा सेकंदांनी यंत्र फिरते. "दहाच का?" मी विचारले. "तुमच्या खिळे जुळाऱ्याला यंत्रात हात घालून बाहेर काढायला लावलं. आठ लागले. दोन त्याच्या म्हातारपणाचे."

या लेखात मुत्तय्यांचे नाव आले आहे. शुक्रवारी निघताना ते स्वतःच म्हणाले, "आता लिहा, सामी. चंदनासकट लिहा." रावांची परवानगी घ्यायला गेलो, तर ते म्हणाले, "मला काय विचारता? नाव त्याचं आहे."

षष्ट्यब्दीनंतर राव काम सोडणार आहेत. येत्या आयुधपूजेला तेलाच्या कपाटाची किल्ली ते मुत्तय्यांच्या हाती देतील, असे ठरले आहे. चंदन यंदाही वाट्यांना नव्हे, कपाटाच्या दारालाच लागेल. सेतुरामरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि पुढची पुष्कळ वर्षे मार्गळीच्या गारठ्यात मुत्तय्या त्यांच्या ओसरीवर जाऊन सांगोत, की बावीसच भरले.