पटली नाही ती माफी

एका एकांकिकेबद्दल मी भर सभेत खोटं बोललो. ते आता लिहून ठेवतो.

घरोघरी केबल येत होती, त्या वर्षांतली गोष्ट. हैदराबादच्या मराठी मंडळींची एकांकिका स्पर्धा जामबागेतल्या एका शाळेत होई. मी तिथला ठरलेला परीक्षक. निकालाआधी परीक्षकाने रंगमंचावरून प्रत्येक प्रयोगाबद्दल चार शब्द बोलायचे, असा रिवाज होता.

त्या वर्षी कॉलेजच्या मुलांनी दोन पुरुषांच्या संसारावर एकांकिका केली. एकजण बाहेर गुंततो, घरी येऊन कबूल करतो. दुसरा माफ करतो आणि राहतो. एवढंच. सुरुवातीला प्रेक्षक खिदळत होते. शेवटी कुणी खोकलंही नाही.

माझ्या घरी हेच घडून वर्ष झालं होतं. नल्लकुंट्यात आम्ही दोघं अकरा वर्षं एकत्र राहत होतो. घरमालकीणबाईंच्या लेखी दोन ब्रह्मचारी, एक पुण्याचा, एक इथलाच, मलकपेठचा. कंपनीच्या कामासाठी मी बंगळूरला जाऊ लागलो आणि तिथे घसरलो. परत येऊन त्याला सांगितलं. तो आठ दिवस बोलला नाही. मग एका सकाळी पिशवी घेऊन त्याने विचारलं, भाजी काय आणू.

स्पर्धेच्या दिवशी तो तिसऱ्या रांगेत होता. शेजारचे परीक्षक माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय हो, तुम्हीही अजून सडेच ना?" आणि हसले.

मी माइकसमोर गेलो. म्हणालो, "अभिनय चांगला. पण ही माफी पटत नाही. दोन पुरुषांत कसली आलीय निष्ठा? असं कुणी राहत नसतं."

टाळ्या पडल्या. मुलांना बक्षीस मिळालं नाही.

स्कूटरवरून घरी आल्यावर तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"बंगळूरचं तू स्वतः सांगितलंस. खोटं बोलला नाहीस, म्हणून राहिलो मी. आज एवढ्या लोकांपुढं म्हणालास, असं कुणी राहत नसतं."

लोकांना संशय आला असता, असं मी काहीतरी पुटपुटलो. चांगला अभिनय एवढं म्हणून खाली उतरला असतास तरी चाललं असतं, तो म्हणाला. मग मी माफी मागू लागलो.

"नक्को," तो म्हणाला. "माझी माफी तुला पटत नाही."

त्याच आठवड्यात तो मलकपेठला बहिणीकडे राहायला गेला. स्कूटरवरून वीस मिनिटं लागत. मी कधी गेलो नाही. पुढच्या वर्षी मंडळींनी पुन्हा परीक्षक म्हणून बोलावलं. तिथे मात्र गेलो.