वाळ्याचा पडदा आणि भिंतीवरची बाई

"ब्राँकियल अस्थमा," छातीवरची नळी काढत डॉक्टर म्हणाले. म्हणजे आपला दमा हो. श्वासाच्या नळ्या आकसतात. मी म्हटलं, "ह्यांना कधी दमा नव्हता!" पण डॉक्टर ह्यांच्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते.

बोलपट नवे नवे आले होते, तेव्हाची गोष्ट. हे नागपुरास रेल्वेत कारकून. वैशाखात रजेवर रत्नागिरीस आले ते वाळ्याचे पडदे घेऊन. तिकडे ओला पडदा टांगला की खोली गार होते म्हणे. मग काय, खिडक्या पडद्यांनी बंद, नि मी तासातासाला तांब्याने पाणी मारत्येय.

तिसऱ्या दिवशी ह्यांना खोकला. पाचव्या दिवशी आडवं होता येईना. घरघर वाढली की मी आणखी पाणी मारी. वाटे, उकाड्यानेच होतंय.

खोलीत काडी पेटेना. बरणीतल्या मिठाचं पाणी झालं. उशाकडच्या भिंतीवर काळसर डाग उठला, नि रोज वीतभर वाढू लागला. शेजारच्या भागीकाकू दारातच थबकल्या.

"गो पोरी, ही वाकलेली बाई कोण?"

"डाग आहे, काकू."

"डागाला हात असतो काय गो? देवीला गाऱ्हाणं घाल."

घातलं. दुसऱ्या दिवशी डागाला खांदे आले. भिंतीला हात लावला तर ती घामेजलेली, माणसासारखी. तेव्हा मात्र डॉक्टरांना बोलावलं.

इंजेक्शन देऊन ते म्हणाले, "बाई, नागपूरची हवा तहानलेली. पाणी पिते नि गार होते. आपली हवा आधीच तुडुंब. तिला आणखी पाजलंत, ते भिंतीत, गादीत मुरलं. मुंबईत एका बोलपटगृहात थंड हवेचं यंत्र आलंय, ते हवेतलं पाणी पिळून नळीने बाहेर सोडतं. तुम्ही बरोब्बर उलटं केलंत."

म्हणजे ह्यांचा श्वास मीच, माझ्या हाताने बुडवत होते!

पडदे उतरवले, गादी उन्हात टाकली, खिडक्या सताड उघडल्या. आठवड्याने हे आडवे होऊन झोपले. मी चुन्याचा कुंचला घेऊन भिंतीपाशी गेले, तेव्हा नीट दिसलं. बाई वाकलेली, एक हात पुढे, हातात तांब्या.

हे मागून म्हणाले, "ओळखीची वाटते, नाही?"

मी कुंचला चुन्यात बुडवला. तिच्यावर चुना फासला, दोनदा.

त्या डॉक्टरांचं नाव अजून देवापुढे घेत्ये. आणि तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर ऐका, उशाशी वाटीत मीठ ठेवा. ते पाझरलं, की आधी खिडकी उघडा, गाऱ्हाणं मागाहून.