वऱ्हाड वाटेतूनच परतलं

मी लग्नांचे फोटो काढते. मालवणला माझा छोटा स्टुडिओ आहे. बाई असल्यामुळे नवरीच्या खोलीत मला कोणी अडवत नाही, म्हणून मुलीकडचे लोक मुद्दाम मला बोलावतात.

त्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या आतल्या बाजूला एका गावात लग्न होतं. नवरीचे वडील काजूची बाग करणारे, अबोल गृहस्थ. वऱ्हाड रेडीच्या बाजूने यायचं होतं. घरापुढच्या खळ्यात लग्नाचा माटव घातलेला, मागच्या पडवीत वडे तळले जात होते, आणि नवरी मला सारखी विचारत होती, "ताई, फोटोत माझा नाक मोठा दिसता काय गो?" नाक होतंच थोडं मोठं, पण तिला ते शोभत होतं. तसं सांगितल्यावर ती इतकी हसली की कपाळावरच्या मुंडावळ्या हलायला लागल्या.

विहिरीकडे सावली बरी होती, म्हणून मी तिला तिकडे नेलं. दोनचार फोटो झाले असतील, तेवढ्यात तिचे मामा आले आणि त्यांनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात फोन तसाच उघडा होता.

"न्हवऱ्याचो बापूस गेलो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गाडीतच छातीत कळ इली. वऱ्हाड वाटेतसून परत फिरला."

मी कॅमेरा खाली घेतला.

"तू फोटो काढीत रव. आमी काय ता ठरवतो. तोपर्यंत तिका कळाक नको."

मी परत गेले. कॅमेरा डोळ्याला लावला की निम्मा चेहरा झाकला जातो, त्याचाच काय तो आधार. ती पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता खंय बघू?"

मला पुढे बटण दाबवेना. मी सरळ माटवात गेले आणि मामांना म्हटलं, "तिला आत्ताच्या आत्ता सांगा. असं हसवत ठेवणं माझ्याच्याने होणार नाही." मामा माझ्यावर उखडले. पण शेजारीच बसलेले तिचे वडील उठले आणि विहिरीकडे गेले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलले ते लांबून ऐकू आलं नाही. ती रडली नाही. मुंडावळ्या सोडून तिने वडिलांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "माका थंय जावचा आसा."

बायकांनी एकच गलका केला. हळद लागलेली मुलगी मयताच्या घरी जाते का कुठे? वडील एवढंच म्हणाले, "तिचो सासरो होतो तो. जाव दी तिका."

घरच्या गाड्या घेऊन काही पुरुष आधीच तिकडे निघून गेले होते. माझी गाडी होती. मी दोघांना घेऊन निघाले.

वाटेत ती मागून एकदाच बोलली. "सासरे माका सोताहून फोन करीत. म्हणत, तू इलंस काय आपण तारकर्लेक जाऊन बोटीत बसाया. सासूक पाण्याचा भय वाटता म्हणान ते कधी गेलेच नाय."

वडील खिडकीबाहेर बघत होते.

नवऱ्याच्या घरासमोर माणसं जमली होती. आम्ही कुंपणाच्या बेड्यापाशी पोचतो न पोचतो तोच त्याची आत्या पुढे आली. तिचे केस सुटले होते, आवाज बसला होता. "हयसरच थांब. घरात पाय ठेवच्या आदीच माणूस खाल्लंस. आत येव नको."

तेवढ्यात नवरा ओसरीवर आला. हातांवर हळद तशीच. त्याने नवरीला पाहिलं. ही त्याच्याकडे बघत राहिली. आता तो काहीतरी बोलेल, निदान आत्याला गप्प करेल, असं मलाही वाटत होतं. त्याने मान खाली घातली आणि तो आत गेला. दुःखात माणसाला सुचत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. वडिलांनी मुलीचा हात धरला आणि आम्ही मागे फिरलो.

परत आलो तर पाहुणे तसेच बसलेले. उठावं की थांबावं, कोणालाच कळत नव्हतं. वड्यांचा वास माटवभर पसरला होता. वडील म्हणाले, "पानां वाढा. लोक उपाशी आसत." माणसं खाली मान घालून जेवली. उसळ वाढणारा बाप्या डोळे पुसत वाढत होता.

सुतक फिटल्यावर मध्यस्थाकडून निरोप आला की हे लग्न नको. नवऱ्याने स्वतः फोनसुद्धा केला नाही.

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात त्या नवरीची आई भेटली. मीच ओळख दिली आणि मुलगी कशी आहे विचारलं. "चेडू गोयाक आसा, हॉस्पिटलात कामाक," ती म्हणाली. "बरा आसा." मग बांगडे उलटेपालटे करून बघत राहिली. लग्नाचं मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं, "स्थळां येतत. नको म्हणता. आता आमी पण इचारूचा सोडलाव." बांगडे न घेताच ती निघाली आणि उन्हातून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.